तुम्ही कितव्या पानावर आहात?

आमच्या इमारतीत सहा मजले, बारा बिऱ्हाडं आणि एकतीस कुराणं आहेत. मी मोजलीत. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, मोटारीच्या पुढच्या काचेखाली, लग्नात आहेर म्हणून आलेली मखमली पेटीत, आणि एक तर तळमजल्यावरच्या औषधवाल्यांच्या फ्रिजवर, प्लास्टिकच्या गुलाबांच्या शेजारी. एवढी कुराणं असलेल्या इमारतीत मिलेनाला पहिलं पान उघडायला पाच आठवडे लागले. त्यात थोडा हात माझाही आहे, म्हणून ही गोष्ट मीच लिहिलेली बरी. दुसऱ्या कुणी लिहिली तर मला त्यातून वगळतील, नाहीतर सगळं माझ्यावरच ढकलतील.

मिलेना चौथ्या मजल्यावर राहायची, आमच्या समोरच्या दारात. बल्गेरियाची, पंचेचाळिशीची, जहाजांच्या इंजिनांची इंजिनियर. कालव्यात एखादं जहाज रुसून बसलं की कंपनीची लाँच तिला घेऊन जायची, आणि संध्याकाळी ती काळी नखं आणि लाल डोळे घेऊन परत यायची. आमच्या या कालव्याकाठच्या इस्माइलियात येऊन तिला चार वर्षं झाली होती. अरबी बोलायची, पण तिची वाक्यं म्हणजे एक पाय आखूड असलेलं टेबल.

एका शुक्रवारी ती मशिदीत गेली, इमामसाहेबांसमोर कलमा म्हणाली आणि मुसलमान झाली. यावर सगळ्यात कमी विश्वास बसला तो मुसलमानांचा.

"नवरा कोण आहे?" आईने विचारलं.

"नवरा नाही," मिलेना म्हणाली.

"होणारा?"

"होणारा पण नाही."

"अगं मग कशासाठी?" आई म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

मिलेनाने सांगितलं की तिने दोन वर्षं आपल्या भाषेतलं भाषांतर वाचलं होतं. सगळं. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, इंजिनाचं माहितीपुस्तक वाचतात तसं, समासात पेन्सिलीने खुणा करत. त्यातलं काहीतरी तिने आईला विचारलं. कुठल्याशा पैगंबराच्या मुंगीबद्दल होतं. आईने सांगितलं की चुलीवर काहीतरी आहे.

आता तिला मूळ वाचायचं होतं. आणि वेळ कमी होता, कारण कंपनीने तिची बदली परत बल्गेरियात, वार्नाला केली होती. सहा आठवडे. जिन्यात उभी राहून ती मला म्हणाली, "शुरूक, ऐक. यंत्रावर पाटी असते. पाटी वाचता नाही येत, तर मी यंत्राला हात नाही लावत. नमाजात मी रोज फातिहा म्हणते, पहिल्या पानावरची. इमामांनी म्हटली, मी मागून म्हटली, पोपट. मला ती पानावर बघायची आहे. बोट ठेवून. सात आयती. तिकडे मला विचारायला कोणी नाही. जाण्याआधी एवढंच."

सात आयती! मी मनात म्हटलं, सात ओळी, दोन दिवसांचं काम.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो तिच्या एका प्रश्नाने. मिलेनाची समजूत अशी की मुसलमान म्हणजे रोज कुराण वाचणारा माणूस. जहाजावर जसं इंजिनाच्या खोलीतून बाहेर येणाऱ्याला इंजिन कसं आहे विचारतात, तसं ती जिन्यात भेटेल त्याला हसून, अगदी आदराने विचारायला लागली, "तुम्ही कितव्या पानावर आहात?"

आधी ती "जेवलात का?" विचारायची. तेव्हा लोक थांबायचे.

पाचव्या मजल्यावरचे उस्ताज फिक्री, अरबीचे निवृत्त शिक्षक, गुडघे दुखतात म्हणून पायरीपायरीवर बसणारे, दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायला लागले. औषधवाले म्हणाले, "यंदा जरा दुकानाचं काम फार आहे." आई दाराच्या भोकातून आधी बघायची आणि मग बाहेर पडायची. मला विचारलं तेव्हा मी ताठ मानेने सांगितलं, "मुल्क सूरा." कारण शाळेच्या पठणस्पर्धेत मला त्याच अध्यायावर दुसरं बक्षीस मिळालं होतं. मागच्या वर्षी. आठवड्याने तिने परत विचारलं. मी परत म्हटलं, "मुल्क." त्याच्या पुढच्या आठवड्यातही मुल्क.

"हळू वाचतेस," मिलेना म्हणाली. "चांगलं."

तिच्या तोंडावर टोमण्याचा मागमूस नव्हता. त्याचाच त्रास झाला.

असा प्रश्न रोज जिन्यात उभा असेल तर माणसाला काहीतरी करावंच लागतं. वाचावं लागतं, नाहीतर सल्ला द्यावा लागतो. आमच्या इमारतीने सल्ला द्यायचं ठरवलं.

आईने सुरुवात केली. "हे बघ इंजिनियरबाई, आपल्याकडे शेवटापासून सुरू करतात. शेवटी छोट्या छोट्या सूरा आहेत. मुलं तशीच शिकतात."

"शेवट आधी?"

"हो."

"मग जे आधी आहे ते?"

"ते नंतर."

"तुम्ही पोचलात तिथे?"

"अगं बाई, कांदा करपला!" आई म्हणाली. त्या दिवशी आमच्याकडे कांदाच नव्हता.

उस्ताज फिक्रींनी तिला वर बोलावून घेतलं. व्याकरणाशिवाय कुराणाला हात लावणं म्हणजे परवान्याशिवाय जहाज चालवणं, असं त्यांनी तिला तिच्या धंद्याच्या भाषेत समजावलं आणि फळ्यावर ते वाक्य लिहिलं जे आपल्याकडे हजार वर्षं पोरांना व्याकरणासाठी लिहून देतात: झैदने अम्रला मारलं. कर्ता कोण, कर्म कोण, कुणावर कुठली खूण. दीड तास.

मिलेना फार काळजीत परत आली. "शुरूक, झैदने अम्रला का मारलं?"

"ते फक्त उदाहरण आहे."

"पण अम्रने काय केलं होतं?"

मी अकरा वर्षं व्याकरण शिकतेय. मला हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने उस्ताजांना विचारलं, तर ते म्हणाले की एवढ्या वर्षांत असा उद्धटपणा त्यांनी पाहिला नव्हता, आणि संध्याकाळी त्यांनी तिला आणखी एक वाक्य पाठवलं. त्यातही झैद अम्रलाच मारत होता.

माझा सल्ला सगळ्यात सुंदर होता. मी एक तक्ता केला. कुठे स्वर किती लांबवायचा, कुठे नाकातून आवाज काढायचा, कुठे थांबलं तर पाप लागत नाही. बारा नियम, सात रंगांत, कडेने खजुराच्या झाडांची नक्षी. मिलेनाने तो नीट निरखला आणि विचारलं, "पाण्याची पाईपलाईन आहे?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

आणि मग हाज्जा इन्शिराह आल्या.

हाज्जा दुसऱ्या मजल्यावर राहतात. सत्तरीच्या, दोनदा हज करून आलेल्या, हातांना कायम मेंदी. हाज्जा पहाटेच्या नमाजानंतर खिडकीशी बसून कुराण म्हणतात तेव्हा मधल्या चौकात भांडी घासणाऱ्या बायका नळ बंद करतात. खरंच असा आवाज आहे. अर्धं कुराण त्यांना तोंडपाठ आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दलही त्यांचाच शब्द शेवटचा असतो. मागच्या रमजानात मी गच्चीवर सगळ्यांसमोर माझी बक्षिसाची सूरा म्हटली होती. ती संपल्यावर हाज्जा म्हणाल्या, "पोरी, छान. फक्त असं वाटलं की कुणीतरी जिन्यावरून पातेलं सोडलंय." तेव्हापासून अख्खी इमारत मला पातेलं म्हणते. मी या वाक्याचं उत्तर वर्षभर तयार करत होते. चौदा उत्तरं तयार होती.

हाज्जा मिलेनाच्या घरात शिरल्या आणि दारातच थिजल्या. इमामांनी दिलेलं कुराण टेबलावर होतं, एका बाजूला पाना, दुसऱ्या बाजूला ग्रीसचा डबा.

"अस्तगफिरुल्लाह! हे काय?"

"टेबल," मिलेना म्हणाली.

"इथे ठेवतात होय?"

"इथे मी बसते. वाचायला जवळ."

"नखं दाखव." मिलेनाने दाखवली. हाज्जांनी डोळे मिटले. "या नखांखाली पाणी तरी जातं का ग? पाणी गेलं नाही तर शुद्धी नाही, वुजू नाही. वुजू नाही तर हात लावायचा नाही. हे मी घेऊन जाते. तू तयार झालीस की देते."

आणि त्यांनी ते कुराण उचललं, आपल्या हिरव्या मखमलीत गुंडाळलं आणि आपल्या घरी, कपाटाच्या वर, छताला टेकेल असं ठेवून दिलं. मिलेनाने हातही पुढे केला नाही. जाणत्या माणसाचं ऐकायचं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

त्या रात्री मिलेनाने रॉकेल, लिंबू आणि दात घासायच्या ब्रशने नखं घासली. सकाळी गुलाबी नखं घेऊन ती हाज्जांकडे जायला निघाली, तोच लाँच आली. ग्रीसचं एक जहाज अडलं होतं. ग्रीस देशाचं म्हणतेय मी, पण फरक काही पडला नाही. संध्याकाळी नखं काळीच.

दुसऱ्या आठवड्यात तिने हातमोजे वापरले. नखं स्वच्छ. हाज्जा म्हणाल्या, रुमालावर डाग आहे. तिसऱ्या आठवड्यात नवा रुमाल. हाज्जा म्हणाल्या, पुस्तक ठेवायला लाकडी घोडी लागते, ती अक्रोडाचीच हवी. मिलेनाने ती कैरोहून मागवली. हाज्जा म्हणाल्या, ठीक आहे, पण आज तुझं मन शांत दिसत नाही.

"कसं कळलं?" मिलेनाने विचारलं.

"चेहऱ्यावरून."

"हाज्जा, मी चौथ्यांदा आले. चेहरा असाच होणार."

दरम्यान मिलेना कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून बालवाडीचं अक्षरपुस्तक घेऊन आली. अलिफ अक्षराजवळ ससा, बे अक्षराजवळ बदक. ते ती जहाजावर नेत असे. कामगार म्हणायचे, मॅडम इंजिनाशी बोलतायत. अठ्ठावीस अक्षरं तिने तीन आठवड्यांत पक्की केली, एकटीने, इंजिनाच्या आवाजात. त्याला मात्र कुणाची परवानगी लागली नाही, कारण ससा कुणाच्याच कपाटावर नव्हता.

पाचव्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मिलेना जिन्यात कुणाला पान विचारत नव्हती. उस्ताज फिक्रींचे गुडघे परत दुखायला लागले होते. आई भोकातून न बघता दार उघडत होती. सगळी इमारत खूश होती.

मी तिचं दार वाजवलं. ती खोक्यांत कपडे भरत होती. सशाचं पुस्तक खिडकीत पालथं पडलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. मला वाटतं, ते पुस्तक माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी आहे. तुम्ही सगळे स्वच्छ."

मी माझ्या बोटांकडे बघितलं. रसायनशास्त्राच्या वहीची शाई कोपरापर्यंत होती. त्याच हातांनी मी वाटेल तेव्हा घरातल्या चारपैकी कुठलंही कुराण घेऊ शकत होते. घेत नव्हते, ते वेगळं.

मी धावत दुसऱ्या मजल्यावर गेले. "हाज्जा, दहा दिवस राहिले तिचे! ती सोडून देतेय. नमाजसुद्धा सोडेल एक दिवस, आणि मग तुम्ही अल्लाहला काय सांगणार, की मी मखमल सांभाळत होते?"

हाज्जांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता मला पातेल्याच्याही खालची पदवी मिळणार. पण त्यांनी कपाटावरच्या मखमलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "गुरुवारी. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर. मी स्वतः उघडून देते. बायकांना बोलाव." आणि मी निघाले तसं म्हणाल्या, "ए पोरी, ही खोकल्याची बाटली कुठली आणि डोळ्यांची कुठली, जरा सांगून जा. चष्मा सापडत नाहीये."

मी वाचून सांगितलं. लिफ्टजवळची सूचनाही मीच वाचून दाखवायचे, औषधवाल्यांची चिठ्ठीही. दर वेळी चष्मा वर राहिलेला असायचा.

गुरुवारी हाज्जांच्या दिवाणखान्यात नऊ बायका, दोन ताटं बासबुसा, ती रव्याची मिठाई, आणि जास्वंदीचं सरबत. प्रत्येक बाई येता-येता मिलेनाला शेवटचा सल्ला देत होती. घाई करू नकोस. फार हळूही नको. रडू आलं तर चांगलं. रडू नाही आलं तर तसं तोंड कर. मिलेना मधोमध बसली होती, नवा रुमाल, पाठ ताठ, परीक्षेला आल्यासारखी. त्या दिवशीही सकाळी लाँच आली होती. नखं काळी. तिने हात मांडीखाली लपवले होते.

हाज्जांनी मखमल सोडली, कुराणाचं चुंबन घेतलं, कपाळाला लावलं, घोडीवर ठेवलं आणि उघडलं.

आता सुरुवातीची दोन पानं कशी असतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. समोरासमोर, दोन्हींना सोन्या-निळ्याची सारखीच नक्षीदार चौकट, मधे थोड्याच ओळी. उजवीकडे फातिहा. डावीकडे तिच्या पुढची सूरा, बकरा, म्हणजे अरबीत गाय. लांबून बघितलं तर जुळ्या बहिणी.

हाज्जांनी मेंदीचं बोट डाव्या पानावर ठेवलं.

मला आधी वाटलं, मलाच उलटं दिसतंय. हाज्जा बिस्मिल्लाह म्हणाल्या. बिस्मिल्लाह दोन्ही पानांवर पहिल्याच ओळीत असतं, त्यामुळे बोट आणि आवाज एकत्र होते. मिलेना वाकून बघत होती, ओठ हलवत, ससा, बदक करत. मग हाज्जा फातिहाच्या पुढच्या आयतीवर गेल्या, तो सुंदर आवाज घेऊन, आणि बोट खालच्या ओळीवर गेलं.

"थांबा," मिलेना म्हणाली.

बायकांचे चमचे थांबले. हाज्जांना आजवर कुणी थांबा म्हटलं नव्हतं.

"हाज्जा, इथे गोल खूण आहे, आयत संपली. खुणेच्या आधी अक्षरं तीनच. अलिफ, लाम, मीम. तुम्ही तर खूप म्हणालात. बाकीची कुठे आहेत?"

बाकीच्यांना काही कळलंच नव्हतं. नऊ बायकांपैकी एकीनेही पानाकडे बघितलं नव्हतं, सगळ्या मिलेनाला रडू येतंय का ते बघत होत्या. मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. बाटल्या, लिफ्ट, चष्मा, नखं, अक्रोडाचं लाकूड, मन शांत नसणं. सत्तर वर्षं या बाईने कानांनी कुराण साठवलं होतं, रेडिओवरून, वडिलांकडून, मशिदीच्या भिंतीपलीकडून. आणि पान उघडायची वेळ आली की तिला काहीतरी अस्वच्छ सापडायचं.

माझी चौदाच्या चौदा उत्तरं जिभेच्या टोकावर आली. पातेल्याचं उत्तर द्यायला यापेक्षा चांगला दिवस मला आयुष्यात मिळणार नव्हता. मी तोंडही उघडलं.

हाज्जांचं बोट पानावरच होतं. त्याचं नख इतकं स्वच्छ होतं, की असं नख मी कुणाचं पाहिलं नाही.

"हाज्जा," मी म्हटलं, "चष्मा वर राहिला का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हो ग," त्या म्हणाल्या. "वर राहिला."

आम्ही त्यांच्याच घरात बसलो होतो. वर त्यांचं काहीही नव्हतं, आणि हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी आईने एकदम ताट उचललं, "घ्या ना, बासबुसा घ्या, कोरडी पडेल," आणि बायका तिकडे वळल्या. आईला कळलं होतं की नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

मिलेनाने मांडीखालून हात काढला. काळ्या नखाचं बोट तिने हळूच उजव्या पानावर नेलं, फातिहाच्या दुसऱ्या आयतीवर ठेवलं, अक्षरं मोजली, मान डोलावली. मग हाज्जांचा हात धरला आणि आपल्या हाताशेजारी ठेवला.

"मला दिसतं, पण म्हणता नाही येत," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा, मी बोट फिरवते. एक एक."

नखांचा विषय कुणी काढला नाही. हाज्जांनी तर नाहीच.

फातिहा म्हणायला माणसाला अर्धं मिनिट लागतं. त्या दोघींना पाऊण तास लागला. हाज्जा एक शब्द म्हणायच्या, मिलेना तो पानावर शोधायची, सापडला की "हा!" म्हणून ओरडायची, आणि हाज्जा त्या काळ्या नखाखाली वाकून बघायच्या, तो शब्द असा दिसतो होय, अशा चेहऱ्याने. मग लगेच खेकसायच्या, "घशातून काढ ग तो आवाज, घशातून! गिळतेस काय?" मिलेनाने तोच शब्द अकरा वेळा म्हटला. मला बरं वाटलं. पातेलं आता मी एकटी नव्हते.

नंतरचे सात दिवस हाज्जा रोज असरनंतर चौथ्या मजल्यावर चढून यायच्या. गुडघे, रक्तदाब, काही आडवं आलं नाही. कुराण पाना आणि ग्रीसचा डबा यांच्या मधे असायचं. दोन दिवसांनी अक्षरपुस्तकातला ससाही टेबलावर आला. तो मिलेनाला आता लागत नव्हता.

निघायच्या सकाळी सगळी इमारत खाली जमली. मोटारीत खोकी चढत होती आणि सल्ले चालू होते. आईने सांगितलं की आता शेवटापासून घे. उस्ताज फिक्रींनी एक कागद दिला, झैद आणि अम्रचा, प्रवासात सोडवायला. मी माझा तक्ता दिला. पाईपलाईन वाटलेली नक्षी काढून टाकली होती. मिलेनाने सगळं घेतलं. कुराण मात्र तिच्या हातात होतं, मखमलीशिवाय.

मोटारीचं दार उघडून ती थांबली, वळली आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला. उस्ताज फिक्री चटकन खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या पायात सपाता होत्या. औषधवाले दुकानात गेले. मी "मुल्क" म्हणणार होते, पण गेले आठ दिवस त्या दोघींच्या शेजारी बसून मी काही मुल्क वाचत नव्हते, म्हणून खरं सांगितलं, "बकरा. दुसरं पान." तिने मान डोलावली आणि हाज्जांकडे बघितलं.

"हाज्जा? तुम्ही कितव्या पानावर आहात?"

हाज्जांनी रुमाल सारखा केला. इमारतीकडे बघितलं, बायकांकडे, माझ्याकडे.

"पहिल्या," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उजव्या. चौथी आयत लागतेय आता."

"हळू वाचता," मिलेना म्हणाली. "चांगलं."